जाबालीचा प्रश्न आणि रामकुंडावरची वही

आज चैत्र शुद्ध नवमी. माध्यान्हीच्या सुमारास पंचवटीतील श्रीकाळाराम मंदिराच्या प्रांगणात भाविकांची दाटी होईल, पाळणा हलेल, गुलाल आणि फुले उधळली जातील, सुंठवड्याचा प्रसाद हातोहात वाटला जाईल. त्याच घटकेला मंदिरापासून थोड्याच अंतरावर, गंगेवर, रामकुंडात कोणी मुलगा आपल्या पित्याच्या अस्थी ओंजळीत घेऊन उभा असेल. एकीकडे जन्माचा सोहळा आणि दुसरीकडे अखेरचा निरोप, ही दोन्ही दृश्ये एकाच दिवशी पाहण्याची नाशिक क्षेत्राला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी आमचे एक स्नेही रामकुंडावर आले होते. सारे आयुष्य त्यांनी रसायनशास्त्राच्या अध्यापनात घालविले. नव्वदी ओलांडलेले त्यांचे वडील नुकतेच निवर्तले होते आणि मातोश्रींच्या आग्रहास्तव अस्थी घेऊन ते नाशिकला आले होते. पायऱ्यांवर बसल्या बसल्या ते हळूच म्हणाले, "या मडक्यात काय आहे, ते मला नेमके ठाऊक आहे. मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेट. ते पाण्यात फारसे विरघळतही नाही. तळाशी जाऊन बसते. वडील यात नाहीत. मंत्र म्हणावा, तर जे मला पटत नाही ते वडिलांच्या शेवटच्या कार्यात मी बोलतो, म्हणजे खोटे बोलतो. न म्हणावा, तर आई दुखावते. तुम्हीच सांगा, मी काय करावे?"

आम्हांस त्या क्षणी उत्तर सुचले नाही. तथापि हा प्रश्न विज्ञानयुगात जन्मलेला नाही, एवढे मात्र तत्काळ आठवले. तो प्रत्यक्ष प्रभू रामचंद्रांना विचारला गेला होता, आणि तोही पित्याच्या निधनाची वार्ता कळल्यानंतर लवकरच. रामजन्माच्या या पवित्र दिवशी त्या प्रसंगाचे स्मरण करणे उचित होईल.

चित्रकूटावरील वाद

वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडातील ही कथा आहे. रामाला परत नेण्यासाठी भरत चित्रकूटावर येतो. राजा दशरथ गेल्याची वार्ता रामाला तेथेच कळते. मंदाकिनीच्या तीरी राम पित्याला जलांजली देतो आणि पिंड अर्पण करतो. वनवासी पुत्राजवळ तांदूळ कोठला? इंगुदीच्या, म्हणजे हिंगणबेटाच्या, गरात बोरे कालवून त्याने पिंड केला. आम्ही जे खातो तेच आपणांस देत आहोत, ते गोड मानून घ्यावे, अशी त्याची पित्याला विनवणी आहे. अयोध्येच्या सम्राटासाठी ठेवलेला तो हिंगणबेटाचा पिंड दर्भावर पाहून कौसल्येचा शोक अनावर झाला, असेही आदिकवी सांगतात.

यानंतर काही सर्गांतच दशरथाच्या पदरचा जाबाली नावाचा विद्वान पुढे येतो आणि रामाला म्हणतो, कोण कोणाचा? प्राणी एकटा जन्मतो आणि एकटाच नाश पावतो. आईबाप म्हणजे वाटसरूने एक रात्र मुक्काम करावा असे बिऱ्हाड. पिता हा जन्माला केवळ बीजापुरता कारण. दशरथ जेथे जायचा तेथे गेला. आता तो तुझा कोणी नाही आणि तूही त्याचा कोणी नाहीस. लोक श्राद्धे घालतात, पण त्यात अन्नाची नासाडी मात्र होते; मेलेला माणूस कधी जेवेल काय? एकाने येथे खाल्लेले दुसऱ्याच्या पोटात जात असेल, तर प्रवासाला निघालेल्या माणसासाठी घरीच श्राद्ध घालावे, म्हणजे त्याला शिदोरीचे ओझे नको! तेव्हा प्रत्यक्ष दिसते तेवढे खरे मान, परोक्षाचा विचार सोड आणि अयोध्येचे राज्य स्वीकार.

वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे. हिंगणबेटाचा पिंड अजून दृष्टीआड झालेला नाही, आणि "मेलेला माणूस जेवतो काय?" हा सवाल समोर येतो. आदिकवींनी हा आक्षेप टाळला नाही, दुबळा करून मांडला नाही. नास्तिकाला त्याची सर्वांत धारदार युक्ती वापरू दिली.

रामाचे उत्तर कठोर आहे. अशा बुद्धीच्या माणसाला पित्याने जवळ केले, याचाही तो निषेध करतो. त्याच्या भाषणात स्वर्गाचा आणि कर्मफलाचा उल्लेख आहे, हे खरे. परंतु उत्तराचा मुख्य भार त्यावर नाही. पिंड पित्याला पोहोचतो, हे सिद्ध करण्याच्या खटाटोपात राम पडत नाही. तो बोलतो सत्याविषयी. राजा जसा वागतो तशी प्रजा वागते. मी वचन मोडले, तर उद्या कोणाच्या शब्दावर कोणी विसंबेल? हे जग सत्याच्या आधारावर उभे आहे. पित्याला दिलेला शब्द पिता नाही म्हणून संपत नाही.

जाबालीने विचारले होते, मृताला काय मिळते? रामाने सांगितले, जिवंताने काय पाळावयाचे असते. पहिला प्रश्न वस्तुस्थितीचा आहे, दुसरा कर्तव्याचा. या दोहोंमधील सीमारेषा ध्यानात आली, तर विज्ञान आणि श्रद्धा यांच्यातील निम्मे भांडण मिटण्यासारखे आहे.

पुढे जाबालीही आपले बोलणे मागे घेतो. रामाने परतावे म्हणून आपण तसे बोललो, असे तो म्हणतो आणि वसिष्ठ त्याला दुजोरा देतात. पुढे वनवासाच्या वाटेने सीता-लक्ष्मणांसह राम गोदावरीतीरी पंचवटीस आला. दशरथाचे श्राद्ध त्याने येथील रामकुंडावर केले, अशी क्षेत्राची परंपरागत श्रद्धा आहे. जाबालीच्या आक्षेपानंतरही राम श्राद्धाला उभा राहिला, हाच या श्रद्धेचा अर्थ.

पूर्वपक्षाचा मान

जाबालीची युक्ती चार्वाकदर्शनात सविस्तर आढळते. पृथ्वी, आप, तेज, वायू ही चारच तत्त्वे. किण्वादी द्रव्ये एकत्र आली की जशी मादकता उत्पन्न होते, तसे देहात चैतन्य उत्पन्न होते. देह गेला की तेही गेले. आणि प्रत्यक्षाखेरीज अन्य प्रमाण नाही. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' ग्रंथ आरंभीच या दर्शनाचा परामर्श घेतो. चार्वाकमताचे उच्चाटन अवघड आहे, कारण बहुतेक लोकांचे प्रत्यक्ष आचरण त्यालाच धरून असते, अशी स्पष्ट कबुली ते वेदान्ती आचार्य देतात. आज मुखाने रामनाम आणि व्यवहारात केवळ पैसा, अशी ज्यांची स्थिती आहे, त्यांना हे वाक्य वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

नैयायिकांनी या मताला जे उत्तर दिले, ते आजही मननीय आहे. दहाव्या शतकातील मिथिलेचे उदयनाचार्य 'न्यायकुसुमांजली'त चार्वाकाची थट्टा करतात: दिसत नाही ते नाहीच असे मानले, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने बायकामुले दिसत नाहीत म्हणून तेथेच रडत बसावे! अनुमान सोडले की घरी परतण्याचेही प्रयोजन उरत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विज्ञान म्हणजे चार्वाकमत नव्हे. विज्ञानाचे मोठे शोध अनुमानाच्या पायरीवरच उभे आहेत. अणू कोणाला डोळ्यांनी दिसला नव्हता, तरी त्याचे अस्तित्व शास्त्रज्ञांनी परिणामांवरून ताडले. विज्ञान ही शोधाची पद्धती आहे. जे मोजता येते, पुनःपुन्हा पडताळता येते, त्याविषयी ती बोलते. जडवाद हे तत्त्वज्ञान आहे. जे मोजता येत नाही ते अस्तित्वातच नाही, असे ते पुढे जाऊन म्हणते. हे पुढचे पाऊल कोणत्याही प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नाही. ते मत कोणी खुशाल बाळगावे. परंतु त्यावर विज्ञानाची मोहोर उमटविण्याचा अधिकार कोणास नाही.

महाराष्ट्रात या वादाची चर्चा उच्च पातळीवर झालेली आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत पारंपरिक पद्धतीने शास्त्राध्ययन केलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी 'धर्मकोशा'चे संपादन केले आणि 'जडवाद' हा ग्रंथही लिहिला. ज्या हातांनी धर्मशास्त्राची वचने जुळविली, त्याच हातांनी जडवादाची मांडणी केली. १९५१ साली त्यांचा 'वैदिक संस्कृतीचा विकास' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांची सर्व मते श्रद्धावंतांना मान्य होतील असे नाही. पण पूर्वपक्ष समजून घेतल्यावाचून उत्तरपक्ष मांडू नये, हा आपल्या परंपरेचा दंडक त्यांनी पाळला, हे विसरता येत नाही.

चैतन्याचा प्रश्न तर आजही खुलाच आहे. नाशिकच्या तपोवनात कपिला आणि गोदावरी यांचा संगम आहे. कपिलमुनींनी तेथे तप केले असे मानतात. जड प्रकृती आणि साक्षी पुरुष यांचा विवेक सांगणाऱ्या सांख्यांचे ते आद्य आचार्य. आज मेंदूचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. भूल दिली की भान हरपते, मेंदूच्या ठरावीक भागास इजा झाली की वाचा किंवा स्मृती जाते, हे निर्विवाद आहे. परंतु पेशींमधील विद्युत्‌रासायनिक हालचालींतून "मला दुःख होते" ही जाणीव का उमटावी, याचा सर्वमान्य उलगडा अद्याप झालेला नाही. मात्र आपणही सावध राहावे. शास्त्रज्ञांना अजून उत्तर सापडलेले नाही, एवढ्यावरून आत्मा सिद्ध झाला असे म्हणणे, हा उतावीळपणा आहे. दुसऱ्याच्या अज्ञानावर उभारलेली श्रद्धा, ते अज्ञान दूर होताच कोसळते.

विज्ञानाचा दाखला कशाला?

हल्ली धार्मिक घरांतून एक नवीच हौस दिसू लागली आहे. प्रत्येक आचाराला "यामागे शास्त्रीय कारण आहे" असे म्हटल्याशिवाय समाधान होत नाही. तीर्थस्नान कशासाठी, तर अमुक रोग बरे होतात म्हणून; उपवास कशासाठी, तर पचनाला विश्रांती म्हणून. हे बोलणारे श्रद्धेचे रक्षण करीत आहोत असे समजतात. वस्तुतः ते जाबालीच्याच दरबारात अर्ज घेऊन उभे असतात. जे मोजता येते तेच खरे, हे त्याचे म्हणणे त्यांनी आधीच मान्य केलेले असते.

शिवाय विज्ञानाकडे दाखला मागितला, की विज्ञान परीक्षा घेणारच, आणि निकाल आपल्या बाजूने लागेल याची हमी नाही. ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ कै. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी यांनी फलज्योतिषाची अशीच एक चाचणी घेतली; तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. कोणती जन्मपत्रिका बुद्धिमान मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची, हे ओळखावयाचे होते. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के भरले. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तरी ५० टक्क्यांच्या आसपास बरोबर आली असती. मोजता येण्याजोगा दावा केला, तर मोजमापाचा निर्णय नम्रपणे मानावा, यातच शहाणपण आहे.

रामकुंडाविषयीही तेच. या तीर्थात अस्थी विरून जातात, अशी समजूत आहे. अस्थींचे रासायनिक विघटन किती काळात होते, हा प्रश्न आमच्या प्राध्यापक मित्रांच्या अधिकारातला आहे आणि तेथे त्यांचा शब्द प्रमाण मानला पाहिजे. पाणी स्नानयोग्य आहे की नाही, हे तपासनीस सांगेल. मंत्राने ते ठरत नाही. गोदामाईला माता म्हणावयाचे आणि तिच्यात गटारे सोडावयाची, या विसंगतीवर बोट ठेवणारी प्रयोगशाळा धर्माची शत्रू कशी? नदीपात्रातील काँक्रीट काढून जुनी कुंडे आणि झरे मोकळे करावेत, अशी मागणी नाशिककर अनेक वर्षे करीत आहेत. ब्रह्मगिरीच्या कुशीतून निघणारी ही नदी कोठे अडते, कोठे आटते, हे भूजलशास्त्र सांगेल. तिच्याविषयी आपले काही कर्तव्य आहे, हे मात्र कोणतेही शास्त्र सांगणार नाही.

जे सूक्ष्मदर्शकात दिसत नाही

कर्तव्य, ऋण, न्याय, वचन ही कोणत्याही तराजूत न तोलली जाणारी द्रव्ये आहेत. तरी माणसाचे जग त्यांच्यावर चालते. याचा सर्वांत कठोर धडा या नाशिकनेच आपणांस दिला आहे. २ मार्च १९३० रोजी याच काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांचा सत्याग्रह सुरू झाला. रामाचे दर्शन घेऊ द्या, एवढेच मागणे होते. दार उघडले नाही. त्या वर्षीच्या चैत्रातील रथोत्सवात दगडफेक झाली, डोकी फुटली. सत्याग्रह पुढेही काही वर्षे चालू राहिला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले.

स्पर्शाने माणूस विटाळतो, हा दावा विज्ञान सहज खोटा ठरवील. त्याबद्दल आपण विज्ञानाचे ऋणीच आहोत. परंतु दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आत घेतले पाहिजे, तो आपला आहे, हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. ते धर्मबुद्धीनेच दिसावयाचे असते. आणि त्या वेळी ज्यांच्या ठायी ती असल्याचा अभिमान होता, त्यांनाच ते दिसले नाही. विज्ञानाच्या मर्यादा सांगताना श्रद्धेलाही मर्यादा पडतात, तिलाही अंधत्व येते, हे आज रामनवमीच्या दिवशी मान खाली घालून म्हटले पाहिजे.

याच गोदावरीच्या काठी पैठणास संत एकनाथ महाराजांनी श्राद्धाचे अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढले, निमंत्रित ब्राह्मण रुष्ट होऊन जेवावयास आले नाहीत, तेव्हा प्रत्यक्ष पितरच येऊन जेवले, अशी कथा परंपरेने जपली आहे. मृत जेवतो काय, या जाबालीच्या प्रश्नाला नाथांनी दिलेले उत्तर असे की, भुकेल्याला वाढले म्हणजे पितर जेवतात. आणि गाडगे महाराज! १८७६ ते १९५६ या आपल्या आयुष्यात त्यांनी कीर्तनांतून कर्ज काढून सणवार करणाऱ्यांना, देवापुढे पशुबळी देणाऱ्यांना चार्वाकाला शोभतील असे प्रश्न विचारले. पण त्याच महाराजांनी नाशिकास यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली. तीर्थाला येणाऱ्या गरिबाची सोय त्यांना पवित्र वाटली. संतांनी नास्तिकाचा प्रश्न हातात घेतला, त्याने श्रद्धा घासून लख्ख केली आणि प्रश्न पुन्हा ठेवून दिला.

वहीतील स्वाक्षरी

आता पुन्हा रामकुंडावर येऊ. आमच्या स्नेह्यांनी आपली अडचण क्षेत्रोपाध्यांपुढेही लपविली नाही. "गुरुजी, हे वडिलांना पोहोचते असे मला वाटत नाही. आपण रागावू नये," असे ते सरळ बोलून गेले. गुरुजी वृद्ध होते. रागावले नाहीत. गाव, आडनाव आणि आजोबांचे नाव तेवढे त्यांनी विचारले व घरातून जुनी वही आणवली. नाशिकच्या उपाध्यांकडे यजमानांच्या कुळांच्या अशा वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. थोडी पाने उलटल्यावर त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. पन्नासएक वर्षांपूर्वी प्राध्यापकांचे वडील स्वतःच्या वडिलांच्या अस्थी घेऊन येथे आले होते. खाली त्यांची स्वाक्षरी होती. शेवटच्या वेलांटीला तोच परिचित झोका होता, जो पुढे मुलाच्या प्रगतिपुस्तकांवर वर्षानुवर्षे उमटत गेला.

कागद आणि शाई, एवढेच ते होते. त्यांचेही रासायनिक पृथक्करण प्राध्यापकांना सांगता आले असते. पण ते काही बोलले नाहीत. उपरण्याने डोळे पुसून तसेच बसून राहिले.

गुरुजी म्हणाले, "अहो यजमान, पोहोचते की नाही, ते पाहून आलेला कोणी मला अद्याप भेटला नाही. जे आपल्याला पटत नाही ते बोलू नका. रामाच्या कुंडावर असत्य नको. वडिलांचे नाव घ्या, आजोबांचे घ्या, पणजोबांचे घ्या. ती तीन माणसे होऊन गेली आणि त्यांच्यामुळे आपण आहात, हे तरी खोटे नाही ना?"

प्राध्यापकांनी तीन नावे घेतली. आवाज थोडा कापला, पण त्यात खोटेपणा नव्हता. ओंजळ पाण्यात रिती झाली. मग त्यांनी वही मागून घेतली आणि वडिलांच्या स्वाक्षरीखाली दिनांक घालून स्वतःचे नाव लिहिले.

मडक्यात काय होते ते विज्ञानाने अचूक सांगितले होते. ते कोणाचे होते आणि त्याचे देणे कोणावर होते, याची नोंद त्या वहीत होती. आज माध्यान्ही रामजन्माचा पाळणा हलविताना, ज्यांनी आपला पाळणा हलविला त्यांचेही नाव मनोमन घ्यावे; आणि घरात जे वृद्ध आज हयात आहेत, त्यांच्या पुढ्यात प्रसादाचा पहिला द्रोण ठेवावा. तो पोहोचतो की नाही, याविषयी जाबालीलाही शंका घेता येणार नाही.